इटलीच्या समुद्रकाठच्या गावांतला पाऊस : दोघांच्या प्रवासाचे अनुभव

इटलीच्या समुद्रकाठच्या लहान गावांत दोघांनी मिळून पावसात काढलेल्या दिवसांचे अनुभव एकत्र यावेत, या इच्छेने हा धागा सुरू करत आहे. सुरुवात आमच्यापासून करते.

ऑक्टोबरच्या तिसऱ्या आठवड्यात आम्ही लिगुरिया प्रांतातील चिंक्वे तेर्रे या पाच गावांच्या किनाऱ्यावर सहा दिवस होतो. मॉन्तेरोस्सो, वेर्नात्सा, कॉर्निल्या, मानारोला आणि रिओमाज्जोरे ही ती पाच गावे. ला स्पेत्सिया ते लेवान्तो धावणारी लोकल गाडी बोगद्यांमधून त्यांना जोडते आणि एका गावाहून दुसऱ्या गावी जायला काही मिनिटेच लागतात, त्यामुळे पाऊस असला तरी गावे पाहता येतात. पायवाटा मात्र हातच्या जातात. हवामानाचा नारिंगी किंवा लाल इशारा लागला की कड्यावरच्या पायवाटा बंद होतात, आणि समुद्र खवळला की बोटीही थांबतात. सहांपैकी चार दिवस आमच्या वाट्याला हेच आले.

मानारोलाला उतरलो तेव्हा मुख्य रस्त्याच्या कडेला, घरांच्या दारांसमोर, होड्या ओळीने ठेवलेल्या दिसल्या. तिथला धक्का इतका अरुंद आणि उघडा आहे की लाटा वाढल्या की होड्या गावातच ओढून आणाव्या लागतात. माझे यजमान मालवणचे आहेत. आगोटीच्या, म्हणजे पावसाळ्याच्या तोंडावरच्या, दिवसांत होड्या वर ओढून माडाच्या झापांनी शाकारताना त्यांनी लहानपणी पाहिले आहे. इथे झापांच्या जागी ताडपत्री होती, एवढाच फरक. एका होडीच्या तळावर ताजा निळा रंग लावलेला होता आणि त्यावर पावसाचे थेंब न पसरता मण्यांसारखे उभे होते. यजमान तिथे बराच वेळ रेंगाळले.

दुसऱ्या दिवशी पाऊस थोडा उघडला, तेव्हा गावामागच्या द्राक्षमळ्यांकडे जाणारा चढ आम्ही थोडा चढून गेलो. एक वयस्कर शेतकरी पायरीशेताची ढासळलेली भिंत पुन्हा रचत होता. चुना नाही, सिमेंट नाही. मोठा दगड बसवायचा, हाताने हलवून पाहायचा आणि फटीत लहान कपऱ्या ठोकायच्या. यजमान एकदम म्हणाले, “अगो, हो तर आमचो गडगो!” गडगो म्हणजे कोकणातला कोरड्या दगडांचा बांध. आम्हाला इटालियन येत नव्हते आणि त्याला मराठी कुठून येणार, पण यजमानांनी एक कपरी उचलून योग्य फटीत बसवली, तेव्हा त्याने आमचा हात धरून भिंतीच्या पायाशी टेकवला. दगडांमधून पाणी बारीक धारेने पाझरत होते. भिंतीने पाणी अडवायचे नसते, माती अडवून पाणी सोडायचे असते, ही गोष्ट त्या एका स्पर्शात कळली. अशा कोरड्या दगडी रचनेच्या कलेला २०१८ साली युनेस्कोने अमूर्त वारशाच्या यादीत स्थान दिले. त्यापूर्वी १९९७ मध्ये हा सगळा किनाराच, शेजारच्या पोर्तोव्हेनेरेसह, जागतिक वारसा ठरला होता.

भिंतींचे महत्त्व वेर्नात्साला पोहोचल्यावर अधिक उमगले. २५ ऑक्टोबर २०११ रोजी काही तासांच्या अतिवृष्टीने डोंगरावरची माती आणि दगड या गावावर उतरले, मुख्य रस्ता कित्येक फूट चिखलाखाली गाडला गेला आणि माणसे दगावली. मॉन्तेरोस्सोलाही मोठा तडाखा बसला. वेर्नात्साचा ओढा मुख्य रस्त्याखालून, झाकलेल्या पाटातून, समुद्राला मिळतो. त्या दिवशी त्याला तेवढी वाट पुरली नाही. ज्या पायऱ्यांवर शेती सुटली, तिथल्या भिंतींची डागडुजीही सुटली आणि तिथली माती आधी सुटते, हे आता तिथे सगळेच जाणतात. हे माहीत झाल्यावर आम्हाला बंद पायवाटांबद्दल एकदाही हळहळ वाटली नाही.

आपले अनुभव अवश्य लिहावेत. विशेषतः पावसात तुम्ही दोघांनी दिवस कसा घालवला, हे वाचायला आवडेल.

ठाण्याहून

आम्ही दोघेही साठीच्या पुढचे आहोत, म्हणून कॉर्निल्याबद्दल लिहिणे आवश्यक वाटते. पाचांपैकी हे एकच गाव समुद्रालगत नसून सुमारे शंभर मीटर उंच कड्यावर आहे आणि स्थानकापासून वर जायला तेहतीस वळणांचा, पावणेचारशेहून अधिक पायऱ्यांचा जिना आहे. स्थानकावरून छोटी बस जाते, पण आमची बस भरून गेली आणि पुढची येईपर्यंत थांबण्याऐवजी आम्ही ओल्या पायऱ्या चढायला घेतल्या. ही चूक होती. पत्नीचा पाय निम्म्या वाटेत घसरला आणि गुडघा सुजला. वर पोहोचल्यावर एका लहान खाणावळीतल्या बाईंनी न मागता बर्फ आणून दिला आणि आम्हाला दोन तास खिडकीपाशी बसू दिले. खाली समुद्र पूर्ण करडा होता आणि तुम्ही लिहिलेल्या त्या पायरीशेतांवर ढग उतरलेले होते. लग्नाला अडतीस वर्षे झाली, पण इतका वेळ काहीही न करता शेजारी शेजारी बसल्याचे आम्हा दोघांनाही आठवत नाही. समवयस्कांना एवढेच सांगतो की बसची वाट पाहावी.

म्युनिकहून

आम्ही नोव्हेंबरात कामोल्यीला गेलो होतो. हे गाव जेनोव्हाच्या पूर्वेला आहे, आणि चिंक्वे तेर्रेच्या मानाने इथे गर्दी कमी असते. तिथून बोटीने सान फ्रुत्तुओझो या मठापर्यंत जायचे आमचे ठरले होते. त्या मठाकडे रस्ता नाही, बोटीने किंवा डोंगरातल्या पायवाटेनेच जाता येते, आणि त्याच्या खाडीत समुद्राच्या तळाशी १९५४ साली ठेवलेली येशूची ब्राँझची मूर्ती आहे. पण बोटी तीनही दिवस बंद राहिल्या.

त्यामुळे आम्ही गाव पाहिले, आणि फार बारकाईने पाहिले. कामोल्यीतील उंच घरांच्या दर्शनी भिंतींवर खिडक्या, कोनाडे आणि नक्षीकाम रंगवलेले असते. काही खिडक्या खऱ्या, काही केवळ चितारलेल्या. उन्हात हा फरक कदाचित लगेच कळत असेल, पण पावसाच्या करड्या उजेडात तो ओळखू येत नव्हता. मग वाऱ्याचा जोर वाढला, एकेक बाई हात बाहेर काढून हिरव्या झडपा ओढून घेऊ लागली, आणि कोणत्या खिडक्यांमागे माणसे राहतात ते कळत गेले. आम्ही दोघे चर्चच्या कमानीखाली उभे राहून खिडक्या मोजत होतो. नवऱ्याचा अंदाज माझ्यापेक्षा अधिक बरोबर आला.

शाकाहारी मंडळींसाठी थोडे खाण्याविषयी. शेजारच्या रेक्को गावाचा फोकाच्चा, म्हणजे दोन अतिशय पातळ पोळ्यांमध्ये मऊ चीज घालून भट्टीत भाजलेला, गरम असतानाच खावा. फारिनाता मात्र चुकवू नये. हरभऱ्याचे पीठ, पाणी, ऑलिव्हचे तेल आणि मीठ एवढ्यावरच ती होते, आणि मोठ्या तांब्याच्या परातीत लाकडाच्या भट्टीत भाजली जाते. पहिला घास घेताच आम्हा दोघांना घरचे बेसनाचे धिरडे आठवले, पण हिची कड कुरकुरीत आणि पोट मऊसूत असते. पेस्तो, म्हणजे तिथल्या तुळशीसारख्या बेझिल पानांची चटणी, हिच्याबाबत एक सूचना अशी की त्यातील पार्मेझान चीज वासराच्या जठरातील रेनेट हे दूध गोठवणारे द्रव्य वापरून केले जाते, त्यामुळे कडक शाकाहार पाळणाऱ्यांनी ते आधी विचारून घ्यावे.

कोल्हापूरहून

आमचा अनुभव दक्षिणेचा, अमाल्फीच्या किनाऱ्याचा आहे. कड्यातून जाणारा तिथला रस्ता पावसात दरडींमुळे बंद होऊ शकतो आणि आमच्या मुक्कामात तो एक दिवस बंद होताच. आम्ही ज्यांच्याकडे खोली घेतली होती त्यांनी आदल्या रात्रीच कळवले असते तर आम्ही पहाटे तीन तास बसथांब्यावर भिजलो नसतो, ही तक्रार अजून मनात आहे.

त्या दिवशी आम्ही अमाल्फीतच कागदाचे संग्रहालय पाहिले. ते एका मध्ययुगीन कागद गिरणीत आहे. गावामागच्या दरीतील ओढ्याच्या पाण्यावर लाकडी हातोडे चालायचे आणि सुती चिंध्या कुटून त्यांचा लगदा व्हायचा. पत्नीने लगद्याच्या हौदात स्वतः जाळी बुडवून एक ताव काढला. काठ दातेरी आणि एका कोपऱ्याला जाड असा तो ताव तिने पिशवीत, स्वेटरच्या घडीत ठेवून घरी आणला. ज्या पाण्याने हे गाव श्रीमंत केले तेच पाणी आज मुख्य रस्त्याखालून वाहते, अगदी वेर्नात्सासारखे. शेजारच्या आत्रानी गावात ९ सप्टेंबर २०१० रोजी असाच रस्त्याखाली झाकलेला ओढा फुटून वर आला आणि एका तरुणीचा जीव गेला. म्हणून पावसात या गावांच्या मुख्य रस्त्यावर उतरण्याआधी स्थानिकांना विचारावे, असे कळकळीने सांगतो.

नाशिकहून

आम्ही डिसेंबरात मानारोलाला होतो. रिओमाज्जोरेहून मानारोलाला जाणारी ‘प्रेमाची वाट’ आम्हाला चालायची होती, पण २०१२ साली दरड कोसळल्यापासून ती तेव्हाही बंदच होती. २०२४ च्या उन्हाळ्यात ती पुन्हा खुली झाल्याचे वाचून आनंद झाला. वाट नाही म्हणून आम्ही बोगद्यातून गाडीनेच आलो, आणि संध्याकाळी जोराचा पाऊस लागला.

नाताळच्या दिवसांत त्या गावामागची सबंध टेकडी येशूजन्माच्या देखाव्याने उजळतात. मेंढ्या, मेंढपाळ, कोळी अशा दिव्यांच्या आकृती द्राक्षमळ्याच्या पायऱ्यापायऱ्यांवर उभ्या असतात. त्या संध्याकाळी ढगांमुळे टेकडी दिसतच नव्हती. आम्ही दोघे एका छत्रीत चर्चसमोर उभे होतो, आणि आमच्याशेजारी गावातलीच एक आजी नातवाला कडेवर घेऊन उभी होती. ढग जरा सरकला तेव्हा सर्वांत खालच्या पायरीवरच्या चार मेंढ्या तेवढ्या दिसल्या. नातवाने त्या बोटाने मोजल्या, आणि पुढची पायरी दिसेपर्यंत आम्ही चौघेही तिथून हललो नाही.