नगरपरिषदेची अभ्यासिका ‘धोकादायक’ ठरवून बंद केली. सभेत नेमकं काय मागायचं?

प्रभाग सदस्य

नमस्कार. मी नगरपरिषद सदस्य आहे. प्रभागात नगरपरिषदेच्या मालकीची दुमजली आरसीसी इमारत आहे. तळमजल्यावर वृत्तपत्र कक्ष आणि साधारण ८० जणांची अभ्यासिका, वरच्या मजल्यावर पुस्तकांची कपाटं. इमारतीला ३० वर्षं उलटून गेली आहेत. आता दाराला नोटीस लागली: ‘स्ट्रक्चरल ऑडिटमध्ये इमारत धोकादायक आढळल्याने पुढील आदेशापर्यंत बंद.’

अहवालाची प्रत मिळवली. फोटो आणि हॅमरच्या रीडिंगचा एक तक्ता, शेवटी एका ओळीत ‘सी-१’. त्याच सुमारास या जागेवर व्यापारी संकुल बांधायची चर्चा सुरू झाली आहे.

छत डोक्यावर पडेल अशा ठिकाणी मुलांना बसवा, असं मी म्हणणार नाही. पण इथे बसणारी बरीचशी मुलं-मुली दोन खोल्यांच्या घरातली आहेत. खासगी अभ्यासिकेची महिन्याची फी त्यांना झेपत नाही आणि परीक्षेच्या तारखा कुणासाठी थांबत नाहीत. ‘पुढील आदेश’ म्हणजे कधी, हे कुणी सांगत नाही.

अहवाल कसा तपासायचा? सभेत कोणत्या शब्दांत काय मागायचं? आणि मधल्या काळात मुलांची सोय कशी लावायची?

---

स्थापत्य सल्लागार

ताई, आधी ‘सी-१’ म्हणजे काय ते बघू. सी-१ म्हणजे अतिधोकादायक, तातडीने रिकामी करून पाडायची. सी-२ए म्हणजे रिकामी करून मोठी संरचनात्मक दुरुस्ती. सी-२बी म्हणजे रिकामी न करता दुरुस्ती. सी-३ म्हणजे किरकोळ डागडुजी. सी-१ आणि सी-२ए दोन्हींत दाराला कुलूपच लागतं, पण एकात इमारत जाते आणि दुसऱ्यात परत मिळते. तुमचा सगळा प्रश्न या दोन वर्गांच्या मधे अडकलेला आहे.

फक्त रिबाउंड हॅमरवर सी-१ ठरवणं मला मान्य नाही. हॅमर काँक्रीटच्या पृष्ठभागाचा टणकपणा मोजतो, आणि त्यावरून काढलेल्या ताकदीच्या अंदाजात २५ टक्क्यांपर्यंत इकडचं तिकडे होऊ शकतं. प्लास्टर न काढता घेतलेली रीडिंग फुकट जातात. ओल असेल तर आकडा कमी येतो. जुन्या काँक्रीटचं कार्बोनेशन (हवेतल्या कार्बन डायऑक्साइडमुळे काँक्रीटचा अल्कधर्मी गुण जाणं) झालेलं असेल तर पृष्ठभाग कडक होऊन आकडा उलट फुगतो, म्हणजे आतली सळई गंजत असताना हॅमर ‘उत्तम’ सांगू शकतो. थोडक्यात, एकट्या हॅमरवर इमारत सुरक्षित ठरवणंही तितकंच चुकीचं.

अहवालात या गोष्टी आहेत का ते बघा:

अल्ट्रासॉनिक पल्स व्हेलॉसिटी. ध्वनिलहरी काँक्रीटमधून किती वेगाने जातात, त्यावरून आतल्या पोकळ्या आणि तडे कळतात. वेग सेकंदाला ३ किलोमीटरच्या खाली असेल तर काँक्रीट संशयास्पद.

कोअर टेस्ट. काँक्रीटचा दंडगोल कापून प्रयोगशाळेत दाबून बघतात. किमान तीन कोअर हवेत. आयएस ४५६ (काँक्रीट बांधकामाचं भारतीय मानक) प्रमाणे त्यांच्या ताकदीची सरासरी त्या ग्रेडच्या (काँक्रीटच्या ठरलेल्या ताकदीच्या) ८५ टक्के तरी भरावी आणि एकही कोअर ७५ टक्क्यांखाली असू नये.

हाफ-सेल पोटेन्शियल. सळई गंजते आहे का, हे यावरून कळतं. उणे ३५० मिलिव्होल्टच्या पलीकडे आकडा गेला तर गंज सुरू असण्याची शक्यता ९० टक्क्यांहून जास्त.

कार्बोनेशन. ताज्या फोडलेल्या भागावर फिनॉल्फ्थॅलीन फवारतात. गुलाबी झालं तर काँक्रीट सळईला अजून सांभाळतंय. रंगच आला नाही तर ते संरक्षण संपलं. ही चाचणी स्वस्त आहे आणि तुमच्या डोळ्यांदेखत होते, तेव्हा जरूर करून घ्या.

शिवाय प्रत्येक कॉलम-बीमला क्रमांक दिलेला नकाशा हवा आणि कोणत्या क्रमांकावर काय सापडलं तेही हवं. नुसते ‘गिलावा निघालेला’ असे फोटो पुरेसे नाहीत. गच्चीतून आणि स्वच्छतागृहातून होणारी गळती हे अशा इमारतींच्या दुखण्याचं नेहमीचं मूळ. पाणी सळईपर्यंत जातं, सळई गंजून फुगते आणि बाहेरचं काँक्रीट ढकलून देते. त्यामुळे खराबी बहुतेक वेळा स्वच्छतागृहाजवळचे दोन-चार कॉलम, छज्जे आणि गच्चीचा स्लॅब एवढ्यात एकवटलेली असते. ती तिथेच आहे की सगळीकडे पसरली आहे, यावर सी-१ की सी-२ए हे ठरतं.

अजून एक, आणि तुमच्या इमारतीत हे फार महत्त्वाचं आहे. कपाटं वरच्या मजल्यावर का? आयएस ८७५ (इमारतीवरच्या भारांचं मानक) प्रमाणे पुस्तकांच्या कपाटांच्या खोलीला दर चौरस मीटरला ६ किलोन्यूटन, म्हणजे अंदाजे ६०० किलो भार धरावा लागतो, तोही २.२ मीटर उंचीच्या कपाटांसाठी. त्यावर उंची वाढली की दर मीटरला आणखी २ किलोन्यूटन. पुस्तकं दुसरीकडे ठेवलेल्या वाचनकक्षाला मात्र ३ पुरतात. मूळ आराखड्यात वरचा मजला सभागृह किंवा कार्यालय म्हणून काढला असेल, तर इतकी वर्षं त्या स्लॅबवर न धरलेलं ओझं आहे. बीमच्या मध्यावर खालच्या बाजूला उभे बारीक तडे दिसतात का ते बघा. दुरुस्तीनंतर पुस्तकं खाली आणि अभ्यासिका वर, अशी अदलाबदल केली तर मजबुतीकरणाचा खर्च बराच वाचेल. मूळ संरचनात्मक नकाशे बांधकाम विभागाच्या जुन्या फायलीत शोधायला सांगा.

फेरतपासणी शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालयाकडून किंवा तंत्रनिकेतनाकडून मागा. मुंबईत दोन अहवाल परस्परविरोधी आले की प्रकरण महापालिकेच्या तांत्रिक सल्लागार समितीपुढे जातं. नगरपरिषदेत अशी कायमची समिती नसते, म्हणून तिसऱ्या संस्थेचा आग्रह तुम्हालाच धरावा लागेल. तोवर इमारत बंदच राहू द्या, आणि छज्ज्याखालून जाणाऱ्या वाटेला पत्र्याचा आडोसा लावून घ्या.

---

टिपणीवाला

वरचं सगळं तांत्रिक झालं. कार्यालयीन बाजू सांगतो.

बंद ठेवणं, पाडणं आणि जागेचा वापर बदलणं हे तीन स्वतंत्र निर्णय आहेत. तिन्हींना वेगळी टिपणी (कार्यालयाचा लेखी प्रस्ताव), वेगळी मान्यता लागते. नोटीस फक्त पहिल्या निर्णयाची आहे. पुढचे दोन त्याच ओघात, एका ठरावात गुंडाळून जातात, आणि सदस्यांच्या ते लक्षात येतं तेव्हा इतिवृत्त कायम झालेलं असतं.

एक गोष्ट आधीच मनात पक्की करा. महाराष्ट्र नगरपरिषद अधिनियम, १९६५ च्या कलम ४९ मध्ये सक्तीची आणि स्वेच्छाधीन अशी दोन प्रकारची कर्तव्यं आहेत. पाणी, सफाई, दिवाबत्ती सक्तीची, वाचनालय स्वेच्छाधीन. म्हणून ‘बंद करून कायदा मोडला’ असं भाषण केलंत तर मुख्याधिकारी एका वाक्यात उत्तर देतील. जोर कागदावर ठेवा: चाचण्या अपुऱ्या, पर्यायी जागा नाही, मुदत नाही.

विषय ऐनवेळच्या विषयांत घेऊ नका आणि कुणाला घेऊ देऊ नका. विषयपत्रिकेवर स्वतंत्र क्रमांक मागा. तो मिळत नसेल तर एकूण सदस्यांपैकी एक चतुर्थांश सदस्यांच्या सह्यांचं पत्र नगराध्यक्षांना देऊन विशेष सभेची मागणी करता येते. पत्राच्या प्रतीवर आवक क्रमांक आणि तारखेचा शिक्का घ्यायला विसरू नका.

ठरावाचा मसुदा स्वतः लिहून न्या. तो असा ठेवता येईल:

‘वाचनालय व अभ्यासिकेची इमारत सुरक्षेच्या कारणास्तव तात्पुरती बंद असून, (अ) नगरपरिषद शाळा क्र. … मधील … वर्गखोल्यांत दि. … पासून अभ्यासिका सुरू करावी. (ब) शासकीय तांत्रिक संस्थेकडून फेरतपासणी करून अहवाल दि. … पर्यंत सभेपुढे ठेवावा. (क) तो अहवाल सभेपुढे येईपर्यंत इमारत पाडण्याची अथवा जागेच्या वापरबदलाची कार्यवाही करू नये. (ड) दुरुस्ती अथवा नवीन बांधकाम झाल्यास सध्याइतके क्षेत्रफळ व आसनसंख्या वाचनालयासाठीच राखावी.’

(ड) वर घासाघीस होईल. ‘शक्यतो’, ‘प्राधान्याने’ असे शब्द घुसवले जातील. ते मान्य करू नका, चौरस मीटरचा आकडाच लिहून घ्या.

ठराव विरोधात गेला तर मतदान मागा आणि विरोध नावानिशी इतिवृत्तात नोंदवून घ्या. त्यानंतर कलम ३०८ खाली जिल्हाधिकाऱ्यांकडे ठरावाची अंमलबजावणी निलंबित करण्याची विनंती करता येते. तिथे ठरावाची प्रत, अहवालाची प्रत आणि नेमकी हरकत पुरते. नुसतं सह्यांचं निवेदन दिलं तर ते बहुतेक नगरपरिषदेकडेच ‘उचित कार्यवाहीसाठी’ परत येतं.

कागद मिळत नसतील तर प्रभागातल्या एखाद्या नागरिकाला माहिती अधिकाराचा अर्ज करायला सांगा. १० रुपयांचं कोर्ट फी स्टँप, एकच विषय, १५० शब्दांच्या आत. ३० दिवसांत उत्तर आलं नाही तर पुढच्या ३० दिवसांत प्रथम अपील. ‘सर्व माहिती द्यावी’ असं लिहू नका. ‘ऑडिटचा कार्यादेश, चाचण्यांची मूळ रीडिंग, देयक’ अशी कागदांची नावं लिहा. कार्यादेश महत्त्वाचा, कारण कोणत्या चाचण्या सांगितल्या होत्या आणि प्रत्यक्षात कोणत्या झाल्या हे त्यातच कळतं.

---

नगररचना

थोडंच, पण हे आधी करा. विकास आराखड्याचा भाग नकाशा (त्या जागेपुरता नकाशा) आणि झोन दाखला (जागा कोणत्या वापरासाठी आहे याचा दाखला) काढा. जागेवर ‘वाचनालय’ किंवा ‘सार्वजनिक सुविधा’ असं आरक्षण असेल तर तिथे निव्वळ दुकानांची इमारत सरळ उभी राहत नाही. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ च्या कलम ३७ खाली फेरबदलाची प्रक्रिया करावी लागते. त्यात हरकती-सूचनांसाठी एक महिना असतो. ती जाहिरात वृत्तपत्राच्या आतल्या पानावर येते, लक्ष ठेवा.

नगर भूमापन कार्यालयातून मिळकत पत्रिकाही (जागेच्या मालकीची नोंद) काढा. जागा शासनाने ठरावीक प्रयोजनासाठी दिलेली असेल तर ते प्रयोजन बदलणं हा शर्तभंग होतो. आणि गाळे दीर्घ मुदतीने भाड्याने द्यायचे झाले तर नगरपरिषद अधिनियमाचं कलम ९२ आणि स्थावर मालमत्ता हस्तांतरणाचे १९८३ चे नियम आडवे येतात.

---

ग्रंथालय सेवक

पुस्तकांचा विचार कुणीच केला नाही, म्हणून लिहिते. बंद इमारतीत पावसाळा काढला तर पुस्तकं वाळवी आणि बुरशी खाईल. मग दुरुस्ती झाली तरी रिकाम्या कपाटांचं वाचनालय उरेल.

वाचनालय शासनमान्य असेल तर जिल्हा ग्रंथालय अधिकाऱ्यांना स्थलांतराचं लेखी पत्र आजच द्या. तपासणीला कुलूप दिसलं तर वाचनालयाचा दर्जा (वर्ग) घसरतो, अनुदान अडकतं आणि ते परत मिळवताना दमछाक होते. देवघेव एका टेबलावरून का होईना, चालू ठेवा, नोंद ठेवा. वृत्तपत्रं एक दिवसही बंद करू नका.

हलवताना खोके १५ किलोपर्यंतच भरा, जास्त भरलं की तळ फाटतो. प्रत्येक खोक्यावर कपाट क्रमांक, फळी क्रमांक आणि पहिला-शेवटचा दाखल क्रमांक (नोंदवहीतला पुस्तकाचा क्रमांक) लिहा. दाखल नोंदवही खोक्यात घालू नका, ती जबाबदार माणसाच्या हातात हवी, आणि निघण्याआधी प्रत्येक पानाचा फोटो काढा. हा एक कागद हरवला तर किती पुस्तकं होती हेच सिद्ध करता येत नाही. वृत्तपत्रांच्या जुन्या बांधीव फायली आडव्या ठेवा, उभ्या ठेवल्या की शिवण सुटते. खोके जमिनीला आणि भिंतीला टेकवू नका. खाली लाकडी पाट, भिंतीपासून वीतभर अंतर. स्पर्धा परीक्षांची आणि संदर्भाची पुस्तकं पहिल्या फेरीत न्या, मुलांना तीच लागतात.

---

प्रभाग सदस्य

सगळ्यांचे मनापासून आभार. मिळकत पत्रिका आणि भाग नकाशासाठी अर्ज दिले. पर्यायी जागेबद्दल तोंडी विचारलं तर ‘जागा नाही, निधी नाही’ असं उत्तर मिळालं. शाळेच्या वर्गखोल्या आहेत, पण शाळा सकाळची भरते आणि खोल्यांत एकेकच ट्यूब आहे. किती खोल्या, काय सामान, हे आकड्यात मांडलं तर त्यांना नाही म्हणता येणार नाही.

---

स्थापत्य सल्लागार

२० बाय २५ फुटांची वर्गखोली धरा, म्हणजे ५०० चौरस फूट. टेबल, खुर्ची आणि चालायची वाट धरून माणशी २० ते २२ चौरस फूट लागतात. म्हणजे एका खोलीत २२ ते २५ जण. ८० जणांना चार खोल्या. दोनच मिळाल्या तर दोन पाळ्या करा.

वाचनाच्या टेबलावर ३०० लक्स (उजेड मोजायचं एकक) उजेड हवा. त्यासाठी एका खोलीत २० वॉटच्या १२ ते १४ एलईडी ट्यूब लागतील, सगळ्या मिळून ३०० वॉटच्या आत. जुन्या वायरिंगला हा भार जड नाही. अडचण लॅपटॉपच्या सॉकेटची होते: मुलं एका पॉइंटवर एक्स्टेंशनची माळ लावतात आणि वायर तापते. सॉकेटसाठी वेगळं सर्किट, वेगळा एमसीबी (भार जास्त झाला की वीज तोडणारा) आणि आरसीसीबी (विजेची गळती झाली की वीज तोडणारा) घ्या. चार पंखे, दोन आगप्रतिबंधक सिलिंडर. टेबल-खुर्च्या बंद इमारतीतल्याच आणा, बाकं लहान मुलांची असतात, त्यावर सहा तास बसवत नाही.

शाळा सकाळची असेल तर दुपारी १ ते रात्री १० अशी वेळ ठेवता येईल. टेबलं रोज हलवायला लागू नयेत म्हणून पूर्ण रिकाम्या असलेल्या खोल्याच मागा. पटसंख्या घटलेल्या शाळांत अशा खोल्या असतात, शिक्षण विभागाकडून वर्गवार पट मागवला की कुठे ते दिसेल. मुलींच्या स्वच्छतागृहाची आतली कडी आणि फाटकापर्यंतचे दिवे यांची पाहणी रात्री ९ नंतर करा, दिवसा ते लक्षात येत नाही.

---

टिपणीवाला

निधीचं उत्तर: चालू अंदाजपत्रकात ‘वाचनालय’ आणि ‘इमारत देखभाल दुरुस्ती’ या दोन लेखाशीर्षांखाली किती तरतूद आहे आणि आजवर किती खर्च पडला, हे लेखापालांकडून लेखी घ्या. दिवे-वायरिंगचं काम त्यातून भागण्याइतकं असतं. दुरुस्तीचं मोठं अंदाजपत्रक मात्र फेरतपासणीनंतरच करायला लावा, राज्य दरसूचीप्रमाणे, आणि त्यात गच्चीचं वॉटरप्रूफिंग व स्वच्छतागृहाची गळती पहिल्या बाबी म्हणून टाका. ते राहिलं तर दुरुस्तीसाठी भरलेल्या नव्या मायक्रोकाँक्रीटमध्येही (बारीक खडीचं काँक्रीट) पाणी शिरेल. ‘जागा नाही’ हे उत्तर तोंडी घेऊ नका. मुख्याधिकाऱ्यांना पत्र द्या: नगरपरिषदेच्या मालकीच्या सर्व इमारतींची आणि त्यातल्या रिकाम्या खोल्यांची यादी मालमत्ता नोंदवहीवरून सात दिवसांत द्यावी. यादी आली की ती ठरावाला परिशिष्ट म्हणून जोडा.