अर्कातून केलेले चांदीचे नॅनोकण: एमटीटी या पेशी-चाचणीत जिवंत पेशी १०० टक्क्यांच्या वर का?

प्रश्न:
१ मिलिमोलर सिल्व्हर नायट्रेट ९ भाग, कडुनिंबाच्या पानांचा अर्क १ भाग. द्रावण तपकिरी झालं, प्रकाशशोषणाचं ४३० नॅनोमीटरला शिखरही आलं (चांदीच्या नॅनोकणांची खूण). एमसीएफ-७ या स्तनकर्करोगाच्या पेशींवर २४ तासांनी एमटीटी केली (जिवंत पेशी हा पिवळा रंग जांभळा करतात), तर २५ मायक्रोग्रॅम/मिलिलिटरला जिवंत पेशी ११८ टक्के, १०० ला ३५. पुन्हा केलं की आकडे वेगळेच. कुठे चुकतंय?

प्रतिसाद १:
अर्कातली पॉलिफेनॉल्स पेशींशिवायही एमटीटीचं क्षपण करतात, म्हणजे त्याला जांभळा करतात, म्हणून हे ११८. कण डिस्टिल्ड पाण्यात तीनदा धुवा, दर वेळी सेंट्रिफ्यूजमध्ये १२,००० आरपीएमला २० मिनिटं. प्रत्येक मात्रेसाठी पेशी नसलेला वेल (प्लेटमधला खळगा) ठेवा: मीडियम (पेशींचं पोषक द्रावण), कण, एमटीटी. तो जांभळा झाला की दोषी सापडला. एमटीटी घालण्याआधी कणांचं मीडियम काढून पेशी पीबीएस या क्षारद्रावणाने हलकेच धुवा. शेवटी जांभळे स्फटिक डीएमएसओ या द्रावकात विरघळवून ते द्रावण नव्या प्लेटमध्ये घ्या आणि ५७० नॅनोमीटरला वाचा. तळाशी चिकटलेली चांदी स्वतःच प्रकाश अडवते.

प्रतिसाद २:
आकडे हलतात ते बहुधा गुठळ्यांमुळे. कण मीडियममध्ये टाकून लगेच आणि २४ तासांनी स्पेक्ट्रम घ्या. ४३० चं शिखर बसलं आणि लांब तरंगलांबीकडे पसरलं, तर गुठळ्या झाल्या. त्या तळाशी जाऊन पेशींवरच बसतात, मग लिहिलेली मात्रा आणि पेशींना मिळालेली मात्रा यांचा मेळ राहत नाही. पेलेट (धुताना तळाशी बसलेला कणांचा गोळा) सुकवू नका, सुकलेला नीट विरघळत नाही. वापरण्याआधी सोनिकेट करा (ध्वनिलहरींनी गुठळ्या फोडा), सीरम असलेल्या मीडियममध्येच पातळ करा. आणि भुकटीच्या वजनावर मात्रा ठरवू नका, त्यात अर्काचं आवरणही मोजलं जातं. चांदी आयसीपी-एमएस या मूलद्रव्यं मोजणाऱ्या यंत्राने मोजा.

प्रश्नकर्ता:
एमटीटीऐवजी एलडीएच (फुटलेल्या पेशींतून गळणारं एन्झाइम मोजणारी चाचणी) चालेल का?

प्रतिसाद ३:
नको. चांदीचे आयन त्या एन्झाइमलाच रोखतात, मेलेल्या पेशी कमी दिसतात. अ‍ॅनेक्सिन-पीआय फ्लो करा (मरत्या आणि मेलेल्या पेशी रंगवून एकेक मोजणं), निदान मेलेल्या पेशींनाच रंगवणाऱ्या ट्रिपॅन ब्लूने मोजा. तीन कंट्रोल मात्र सोडू नका: नुसता अर्क, तेवढ्याच चांदीचं सिल्व्हर नायट्रेट, आणि शेवटच्या धुण्यानंतरचं वरचं पाणी. या पाण्यानेच पेशी मरत असतील, तर मारणारे सुटे आयन आहेत, कण नव्हेत. निरोगी पेशींची एक लाइनही त्याच मात्रांवर चालवा. त्याही तितक्याच मरत असतील, तर हाती आलं ते विष, कर्करोगविरोधी औषध नव्हे.