श्रीलंकेत १२ ते १८ एप्रिल: त्यांच्या नवीन वर्षात सगळं बंद असतं का?

ठाकुर्लीकर:
नमस्कार मंडळी, मुलीची परीक्षा ९ एप्रिलला संपतेय आणि १४ ला आंबेडकर जयंतीची सुट्टी, म्हणून ती जोडून १२ ते १८ श्रीलंका करायचं चाललंय. मी, बायको, मुलगी आणि आई-बाबा. मुंबईहून डायरेक्ट कोलंबो, मग कँडी, नुवारा एलिया, एल्ला आणि शेवटी बीच. तिकिटं अजून काढली नाहीयेत. काल ऑफिसमधला एक जण म्हणाला की तेव्हा तिकडे नवीन वर्ष असतं, सगळं बंद. खरंच का? आई-बाबा सत्तरीच्या पुढचे आहेत, त्यांच्या खाण्याची आबाळ व्हायला नको. त्या दिवसांत कोणी गेलंय का?

गिरगावची_ताई:
हो, आम्ही नेमके ह्याच दिवसांत गेलो होतो, तिकिटं काढायच्या आधी विचारलंत ते फार बरं केलंत.

१३ आणि १४ एप्रिल सिंहली आणि तमिळ नववर्षाची सरकारी सुट्टी. सूर्य मीनेतून मेषेत जातो तेव्हा त्यांचं वर्ष बदलतं, आणि सिंहली आणि तमिळ दोघंही ते साजरं करतात. दोनच दिवस म्हणून कॅलेंडरवर दिसतात पण प्रत्यक्षात आपल्याकडे गणपतीला चाकरमानी निघतात ना तसं अख्खं कोलंबो आधीच गावाला निघून जातं, बस-ट्रेनला पाय ठेवायला जागा नाही, आणि नंतरही कितीतरी दुकानं चार-पाच दिवस उघडत नाहीत. पेट्टाच्या बाजारात एरवी चालता येत नाही, तिथे आम्ही गेलो तर सगळी शटर खाली. आमचा ठरवलेला गाडीवाला १३ ला आलाच नाही, घरी गेला होता, आणि दुसरा मिळेपर्यंत अर्धा दिवस गेला. चूक आमचीच, सणाच्या दिवशी गाडी ठरवायलाच नको होती.

मोठी हॉटेलं, त्यांची किचन वगैरे चालू असतात, त्यामुळे खायची काळजी करू नका, फक्त ब्रेकफास्ट-डिनर दोन्ही घेतलेलं बुकिंग करा. औषधं मात्र पूर्ण दिवसांची इथूनच न्या.

आणि नुवारा एलिया कॅन्सल करा. एप्रिल हा तिथला सीझन, त्यांचेच लोक थंड हवेला तिकडे जातात, फुलांची प्रदर्शनं, रेस, तुफान गर्दी, आणि हॉटेलचे रेटही चढलेले. महाबळेश्वर मे महिन्यात कसं असतं तेच.

पण एक सांगते, सणात तिथे असणं मला फार आवडलं. जुनं वर्ष संपून नवीन लागताना मध्ये 'नोनगते' म्हणून काळ असतो, तेव्हा कामधंदा, स्वयंपाक सगळं थांबवतात, देवळात जातात. मग ठरलेल्या मुहूर्तावर चूल पेटवायची, नव्या मडक्यात दूध उतू जाऊ द्यायचं, आणि ते दूध उतू गेलं की बाहेर फटाके. आमच्या होमस्टेच्या बाईंनी आम्हाला बोलावून बसवलं, नारळाच्या दुधातला भात म्हणजे किरिबात, साच्याने तळलेले कुरकुरीत कोकिस, आणि कवुम, जो तांदळाच्या पिठाचा आणि काकवीचा, थोडा आपल्या अनारशाच्या वळणाचा. केळ्यांचे घड तर मांडलेलेच असतात. त्यामुळे हॉटेलपेक्षा एक-दोन रात्री होमस्टे मिळाला तर घ्याच, फक्त सणात पाहुणे चालतील का ते आधी फोन करून विचारा.

चेंबूरचा_मी:
दादा, ताईंनी एप्रिलचं सांगितलंच आहे, मी पोयाचं, म्हणजे त्यांच्या पौर्णिमेचं, सांगतो कारण ते बाराही महिने लागू आहे. तिथे प्रत्येक पौर्णिमेला सरकारी सुट्टी. दारूची दुकानं, बार बंद, हॉटेलातही देत नाहीत, मटण-चिकनची दुकानंही बंद. एप्रिलची पौर्णिमा तुमच्या तारखांमध्ये पडतेय का ते कालनिर्णयात बघून घ्या, कधी कधी त्यांची आणि आपली एका दिवसाने पुढेमागे होते.

वैशाखातला पोया म्हणजे वेसाक, आपली बुद्ध पौर्णिमा, त्याला दोन दिवस सुट्टी. मी आईला घेऊन खास त्यासाठी गेलो होतो. कोलंबोत गंगारामय विहार आणि बेइरा तलावाकडे रात्री कंदीलच कंदील, आणि रस्त्यारस्त्यावर 'दन्सल', म्हणजे येईल त्याला फुकट जेवण, सरबत, आईस्क्रीम. लोक गाड्या थांबवून हातात ताट देतात. ६ डिसेंबरला दादरला आम्ही जेवण वाटतो, पाणी वाटतो, आईला तेच आठवलं आणि ती तिथेच एका स्टॉलवर वाढायला उभी राहिली, भाषा येत नव्हती तरी. बाबासाहेब १९५० मध्ये बौद्ध परिषदेला श्रीलंकेत गेले होते, तेव्हापासून आमच्या घरात ह्या देशाचं नाव आहे.

जूनमधला पोसोन पण मोठा, अशोकाचा मुलगा महेंद्र मिहिंतलेला आला त्याची आठवण, अनुराधपुराकडे तुडुंब गर्दी. विहारात जाताना खांदे-गुडघे झाकलेले हवेत, शक्यतो पांढरे कपडे, आणि मूर्तीकडे पाठ करून सेल्फी अजिबात नको, त्यांना खरंच लागतं ते.

माहीमवाला:
कँडीचा पेराहेरा, म्हणजे हत्तींची मोठी मिरवणूक, बघायचा असेल तर जुलै-ऑगस्ट, दहा रात्री असतो. शेवटच्या पाच रात्री मोठ्या, दंतधातूची (बुद्धाच्या दाताची) मंजुषा हत्तीवर. रस्ते दुपारीच बंद होतात, रूम महिने आधी घ्या. एप्रिलला त्याचा संबंध नाही, पण मुलीला हत्ती आवडत असतील तर पुढच्या वेळी.

ठाकुर्लीकर:
ताई, दादा, खूप खूप आभार. रात्री घरी सगळं वाचून दाखवलं. नुवारा एलिया आणि एल्ला दोन्ही काढलं. ११ लाच निघतोय, १५ पर्यंत कँडीजवळ एकाच होमस्टेत, १६ ला बीच. त्यांच्याशी बोललो, या म्हणाले. आईला दूध उतू जाताना बघायचंय. ताई, सणाचं जातोय तर त्यांच्यासाठी काय नेऊ?

गिरगावची_ताई:
चितळ्यांची बाकरवडी न्या, आमची दोन पाकिटं पोरांनी तिथल्या तिथे संपवली. आणि आई-बाबांना सांगून ठेवा, घरातली मुलं विड्याच्या पानांची जुडी हातात देऊन पाया पडतील, ती दोन्ही हातांनी घ्यायची. माझ्या सासूबाई गोंधळल्या होत्या, मग त्यांनी पोरांच्या हातावर दहा-दहाच्या नोटा ठेवल्या. तिथेही मोठी माणसं मुलांना पैसे देतात, तेव्हा कोऱ्या नोटा, त्यांच्या रुपयांच्या, ११ ला एअरपोर्टवरच सुट्ट्या करून घ्या.