मदत हवी: मागच्या शॉकअपचा वरचा नट दांड्यासकट फिरतो, निघतच नाही (नागपूर)

मानेवाडाकर | सायं. ६:१०
मागचे दोन्ही शॉकअप घरीच बदलवायला घेतले. डाव्या बाजूचा खालचा बोल्ट निघाला. वरच्या नटला पाना लावला की आतला दांडाच सोबत फिरतो, नट जागचा हलत नाही. डब्ल्यूडी-४० मारून झालं, पान्यात पाइप टाकून झालं. परवा पहाटे घरच्यांना घेऊन चंद्रपूरला निघायचं आहे. नट काढायची युक्ती सांगा. "गॅरेजला न्या" हे कृपा करून लिहू नका.

घाटरोड_पार्ट्स | ६:२२
भाऊ, गाडी कोणती? साल? वरचा नट डिकीतून दिसतो की चाकाच्या बाजूने खालून? दांड्याचं टोक कसं आहे, आत एलन की बसायचं भोक आहे की दोन बाजूंनी चपटं? हे कळल्याशिवाय काय सांगणार?

समृद्धी_प्रवासी | ६:३०
लांबचा प्रवास आहे तर टायरमध्ये नायट्रोजन भरून घ्या. उन्हाळ्यात काँक्रीटवर टायर जाम तापतात. मी समृद्धीवर नेहमी जातो, नायट्रोजनशिवाय गाडी काढत नाही.

वाडीचा_ड्रायव्हर | ६:३४
नट राहू द्या बाजूला. गाडी कायच्यावर उभी हाय ते आधी सांगा. नुसत्या जॅकवर असंन तर तिच्याखाली हात घालू नका भाऊ. ट्रकच्या लाइनीत सारी जिंदगी गेली माझी, जॅक सरकलेला पायला हाय. घोडी (गाडीखाली टेकू द्यायचा स्टँड) लावली का?

मानेवाडाकर | ६:४१
स्विफ्ट डिझेल, २०१३. डिकीतली बाजूची ट्रिम काढली आहे, नट वरून दिसतो. दांड्याचं टोक नटच्या वर बोटभर आलं आहे आणि दोन बाजूंनी चपटं आहे. पण गंजामुळे चपट्या कडा गोल झाल्या, लहान पाना धरला की घसरतो. गाडी जॅकवर आहे. पुढच्या चाकांना विटा लावल्या आहेत.
नायट्रोजनचा इथे काय संबंध?

वाडीचा_ड्रायव्हर | ६:४४
तेच तर विचारून राहिलो. विटा चाकाले ठीक, पण गाडीचं वजन जॅकवर नको. लोखंडी घोडी आना. घरासमोर सिमेंटचे गट्टू (फरशीचे ठोकळे) असतीन तर घोडीखाली जाड फळी टाका, गट्टू दबतात. घोडी भेटतच नसंन तर काढलेलं चाक बॉडीखाली आडवं सरकवून ठेवा. ते घोडीची जागा घेत नाही, पण जॅक सुटला तर गाडी सरळ तुमच्यावर येत नाही. आधी हे करा, मंग नट.

हिंगणा_मशिनिस्ट | ६:५२
वाडीवाले काका बरोबर बोलले. धागाकर्ते, याचं उत्तर द्या, मगच पुढचं बोलू.
आणि एक विचारायचं होतं. शॉकअपच गेले हे कशावरून ठरवलं? आवाज येत होता म्हणून? मागून टकटक येते तेव्हा बऱ्याचदा मागच्या दोन चाकांना जोडणाऱ्या बीमचे रबरी बुश खराब असतात. कधीकधी तर डिकीतला जॅक आणि टूलकिटच सैल पडून वाजत असतं. लोक शॉकअप बदलतात आणि आवाज तसाच राहतो.

मानेवाडाकर | ७:०५
शेजाऱ्यांकडून दोन घोड्या आणल्या, फळ्या टाकून गाडी त्यांच्यावर घेतली. जॅक आता फक्त मागच्या बीमला टेकवला आहे.
शॉकअप गेलेत यात शंका नाही. डाव्याच्या नळीवर वरून खालपर्यंत तेल उतरलं आहे आणि त्यावर मातीचा थर बसला आहे. डिकी दाबून सोडली की गाडी वर-खाली डुलत राहते. रिंग रोडवर सिमेंटच्या जोडांवरून गेलं की मागे बसलेल्यांना धक्के बसतात.
आता नट.

सिव्हिल_इंजिनिअर_पुणे | ७:११
घरी हे काम करताय त्याबद्दल कौतुक आहे, पण नंतर फोर व्हील अलाइनमेंट (चारही चाकांचे कोन जुळवणं) करावीच लागेल. सस्पेन्शनला हात लावला की अलाइनमेंट बिघडते. शिवाय स्प्रिंग कंप्रेसर लागेल, तो नसेल तर स्प्रिंग उडून जीवावर बेतू शकतं.

हिंगणा_मशिनिस्ट | ७:१७
दोन्ही मुद्दे पुढच्या स्ट्रटचे आहेत, साहेब. पुढे शॉकअपवरच स्प्रिंग चढवलेली असते आणि चाकाचा कोनही स्ट्रट धरून ठेवतो. तिथे कंप्रेसर पण लागतो आणि अलाइनमेंट पण. स्विफ्टला मागे टॉर्शन बीम आहे. स्प्रिंग वेगळी, शॉकअप वेगळा. मागचा शॉकअप चाकाला जागेवर धरत नाही, नुसती स्प्रिंगची उसळी शांत करतो. तो बदलल्याने अलाइनमेंटमध्ये काही फरक पडत नाही.

सिव्हिल_इंजिनिअर_पुणे | ७:२२
मला सर्व्हिस सेंटरमध्ये मागचे शॉकअप बदलल्यावर अलाइनमेंट करायला सांगितलं होतं. ते उगाच सांगतील का?

हिंगणा_मशिनिस्ट | ७:२५
टायर एका बाजूने झिजत असतील तर करा, कोणी नाही म्हणत नाही. पण शॉकअप बदलला म्हणून त्याची गरज नाही.

मानेवाडाकर | ७:२७
मी नट विचारला आहे. अंधार पडून राहिला.

घाटरोड_पार्ट्स | ७:३१
आता चित्र स्पष्ट झालं. बॅटरीवाली इम्पॅक्ट गन मिळवा. हाताने जोर लावला की दांड्याला फिरायला वेळ मिळतो. गन झटके देते, दांडा फिरायच्या आत नट सैल होतो. गनची गोटी (सॉकेट) सहा कोनीच घ्या. बारा कोनी गोटी गंजलेल्या नटचे कोपरे खाऊन टाकते.

जुना_मिस्त्री_महाल | ७:३६
गन शॉकअपच्या नटला लावू नये. आतला पिस्टन खराब होतो, सील जातं. हे काम हातानेच करायचं असतं. आमच्या वेळी गन कुठे होत्या? छिन्नी-हातोडीने नट फोडत होतो.

घाटरोड_पार्ट्स | ७:४०
काका, शॉकअप भंगारात जाणार आहे. त्याचं सील गेलं काय नि राहिलं काय? नवा बसवताना गन लावायची नाही, एवढं तुमचं मान्य. जुना काढायला बिनधास्त चालते.

जुना_मिस्त्री_महाल | ७:४३
हे खरं. जुन्याला चालेल. पण नट फार गंजलेला असेल तर गनने टोकच तुटतं.

समृद्धी_प्रवासी | ७:४५
टोक तुटलं तर बरंच, मग शॉकअप आपोआप खाली पडेल ना? आणि नायट्रोजनचं मी उगाच म्हटलं नव्हतं. नागपूर ते शिर्डी टप्पा ११ डिसेंबर २०२२ ला सुरू झाला तेव्हापासून त्या रस्त्यावर टायर फुटल्याच्या बातम्या किती वाचल्या!

वाडीचा_ड्रायव्हर | ७:५०
टायर फुटते ते जुन्या टायरनं, कमी हवेनं आनं तासनतास एकाच स्पीडनं दामटल्यानं. साधी हवा बराबर भरली, टायर थंडा असताना मोजली, तर बस हाय. हवेत तसाही चारपैकी तीन भाग नायट्रोजनच असते. आनं चंद्रपूरले समृद्धीनं कोन जाते? बुटीबोरी, जाम, वरोरा असंच जा लागते.

समृद्धी_प्रवासी | ७:५४
मग विमानाच्या टायरमध्ये नायट्रोजन का भरतात?

वाडीचा_ड्रायव्हर | ७:५६
त्यासाठी वेगळा धागा काढा ना भाऊ. हा मानूस अंधारात पाना घेऊन बसला हाय.

बाबांचं_गॅरेज_धंतोली | ८:०२
मानेवाडाकर दादा, वरून दांडा धरायचा नाद सोडा. कडा गोल झाल्यात, पाना आता बसणार नाही. दांडा खालून धरा.
खालचा बोल्ट निघालाच आहे, म्हणजे शॉकअप मोकळा लोंबतोय. चाकाच्या जागेतून पाहा, वरच्या बाजूला दांड्यावर रबरी डस्ट कव्हर आहे. ते खालून वर सरकवा. चिकटून बसलं असेल तर ब्लेडने उभं कापून टाका, नव्यासोबत नवं घालाच. आत चकचकीत दांडा दिसेल. तो जितका वर धरता येईल तितका वर, लॉक होणाऱ्या व्हाइस ग्रिप पकडीने घट्ट आवळा. तेल असेल तर आधी पुसा आणि दांड्याभोवती पॉलिश पेपरचा तुकडा गुंडाळा, पक्कड सरकत नाही. पकडीचा दांडा बॉडीच्या जाड भागाला टेकू द्या, पण ब्रेकच्या पाइपला किंवा एबीएसच्या वायरला लागता कामा नये. मग वरून रिंग पान्याने नट उलटा फिरवा.
दांड्यावर ओरखडे येतील, तो तसाही फेकायचा आहे. नव्या शॉकअपच्या दांड्याला मात्र पक्कड कधीच लावू नका. एक ओरखडा पडला तरी वर-खाली होताना तो सील कापतो आणि थोड्या दिवसांत तेल गळायला लागतं.

हिंगणा_मशिनिस्ट | ८:०९
धंतोलीच्या ताईंनी सांगितलं ते एकदम चोख. त्यात माझी भर: तेवढ्यानेही नाही निघाला तर हॅक्सॉच्या ब्लेडने नट उभा कापा, दांड्याला समांतर. ग्राइंडर लावू नका. डिकीत फोम आहे, कापड आहे, ठिणगी पडली तर घात होईल. गॅसवर तापवणं तर अजिबात नको, शॉकअपमध्ये दाबाखाली गॅस असू शकतो.

सक्करदरा_अल्टो | ८:१४
घरी इतकी मेहनत करण्यापेक्षा जुने शॉकअप रिपेअर करून मिळतात, तेल भरून नवीन सील टाकून देतात. अर्ध्याहून कमी खर्च. किंवा स्प्रिंगमध्ये रबरी बफर टाका, गाडी उचलल्यासारखी होते. माझ्या अल्टोला टाकले आहेत, मस्त चालते.

बाबांचं_गॅरेज_धंतोली | ८:१९
सक्करदरा भाऊ, बफरने गाडी बसायची थांबते, डुलायची नाही. डुलणं थांबवायचं काम शॉकअपचंच. तो गेला असताना बफर टाकले तर स्प्रिंग आणखी कडक होते आणि मागची बाजू जास्त उसळते. रिपेअर केलेल्यांचं सांगायचं तर बाबांच्या गॅरेजमध्ये आम्ही ते बसवणं बंद केलं. दांडा घासलेला असला की नवीन सील किती टिकणार?

सक्करदरा_अल्टो | ८:२२
माझे टिकले आहेत.

मानेवाडाकर | ९:०४
निघाला!!! ताई, तुमचे किती आभार मानू! कव्हर कापलं, पॉलिश पेपर गुंडाळून पक्कड आवळली, ती बॉडीला अडली आणि पहिल्याच झटक्यात नट कर्रकन सुटला. पुढे हाताने फिरला.
आता उजवी बाजूही लगेच मोकळी करून ठेवू का? म्हणजे दोन्ही नवे एकदमच बसवतो.

हिंगणा_मशिनिस्ट | ९:०७
नाही! एका वेळी एकच बाजू. दोन्ही शॉकअप सुटले की बीम खाली लोंबतो, स्प्रिंग जागेवरून निघते आणि ब्रेकच्या रबरी होजवर ताण येतो. डावा पूर्ण बसवा, बीमखाली जॅक तसाच राहू द्या, मग उजवा.

घाटरोड_पार्ट्स | ९:१०
नवा बसवायच्या आधी त्याला उभा धरून पूर्ण दाबा आणि पूर्ण ओढा, असं पाच-सहा वेळा. आडवा पडून राहिल्याने आत हवा गेलेली असते, ती निघते. नाहीतर नवा असूनही सुरुवातीला टकटक वाजतो आणि गिऱ्हाईक आमच्या दुकानात भांडायला येतं. कुठल्या कंपनीचा आणला?

मानेवाडाकर | ९:१३
गॅब्रिएल. सोबत बंप स्टॉप आणि डस्ट कव्हर पण आणलं आहे. वरचा नट किती आवळायचा?

बाबांचं_गॅरेज_धंतोली | ९:२०
नव्याचं टोक चपटं शाबूत आहे, तिथेच लहान पाना धरून वरून रिंग पाना फिरवा. वायसर आणि रबर ज्या क्रमाने निघाले त्याच क्रमाने घाला. जुने ट्रेमध्ये ओळीने मांडून ठेवले असतील तर बघून घाला. रबर दबून वायसर पक्का टेकला की थांबा. रबर पिचून बाहेर फुगेपर्यंत आवळू नका.
आता खालचा बोल्ट. गाडी हवेत असताना तो नुसता हाताने लावून ठेवा. चाक चढवा, गाडी जमिनीवर घ्या, मागे दोघांना बसवा आणि मग तो शेवटचा आवळा. चाक लोंबत असताना आवळला तर खालचा रबरी बुश त्या स्थितीत पकडला जातो. गाडी खाली आली की तो कायम पिळलेला राहतो आणि लवकर फाटतो. घरी काम करणारे सगळ्यात जास्त इथेच चुकतात आणि सहा महिन्यांनी बुश फाटला म्हणून शॉकअपला दोष देतात. गाडी खाली असताना पाना जात नसेल तर मागची दोन्ही चाकं लाकडाच्या ओंडक्यांवर घ्या, वजन चाकांवरच राहायला हवं.

जुना_मिस्त्री_महाल | ९:२६
पोरीने बरोबर सांगितलं. जुना बोल्ट गंजलेला असेल तर परत लावू नका, नवा घ्या. बोल्टच्या चुडीला (आट्यांना) थोडं ग्रीस लावा. आणि उद्या ऊन चढायच्या आत उरका, मे महिन्यात नऊनंतर लोखंडाला हात लावता येत नाही.

सिव्हिल_इंजिनिअर_पुणे | ९:३१
बुशबद्दल माहीत नव्हतं, छान माहिती मिळाली. अलाइनमेंटबद्दल माझं मत कायम आहे.

वाडीचा_ड्रायव्हर | ९:३५
मानेवाडाकर भाऊ, आता रात्री उजवी बाजू खोलू नका. थकल्यावर चुका होते. डावी बसवा, चाक लावा, बाकी सकाळी.

मानेवाडाकर | ९:३८
ठीक आहे काका, ऐकतो. डाव्याला आत्ता हात घालतो.

मानेवाडाकर | दुसऱ्या दिवशी, स. ८:५०
दोन्ही बसले. उजव्याचा नटही दांड्यासकट फिरत होता, सरळ खालून पक्कड लावली. मागे भाऊ आणि भाचा बसवून खालचे बोल्ट आवळले. मानेवाडा चौकातून रिंग रोडने चक्कर मारून आलो, सिमेंटच्या जोडांवर मागची बाजू आता एकदाच दबते आणि बसते. काही वाजत नाही. ताई, वाडीवाले काका, मशिनिस्ट भाऊ, घाटरोड भाऊ, सगळ्यांचे मनापासून आभार. ज्या गॅरेजने "बीमच काढावा लागेल" म्हणून परत पाठवलं होतं, तिथे आता जाणार नाही.

घाटरोड_पार्ट्स | ९:०२
बिल आणि खोकं जपून ठेवा, वॉरंटीला लागतं. चंद्रपूरहून आल्यावर दोन्ही बाजूंचे बोल्ट एकदा पान्याने तपासा.

सक्करदरा_अल्टो | ९:१५
ताई, माझ्या अल्टोला पुढून कट्-कट् आवाज येतो, फक्त पूर्ण वळण घेताना. शॉकअपच असेल का?

बाबांचं_गॅरेज_धंतोली | ९:२१
पूर्ण वळणावरच येत असेल तर आधी ड्राइव्ह शाफ्टचा बाहेरचा जॉइंट बघा, रबरी बूट फाटून ग्रीस उडालं आहे का ते. नवा धागा काढा आणि त्यात साल, किती किलोमीटर झाले आणि आवाज कोणत्या बाजूला वळताना येतो ते पहिल्याच ओळीत लिहा.