ओळख निघाली तर आनंदच, पण ती काढत बसावी का?

रानआंबाडी:
मागल्या मंगळवारी यवतमाळहून दिग्रसच्या एसटीत बसलो होतो. शेजारी पन्नाशीच्या एक बाई, मांडीवर वायरची पिशवी. लाडखेड यायच्या आत प्रश्न आला, "कोन्या गावचे हो भाऊ तुमी?" गाव सांगितलं. "कोनाच्या घरचे?" तेही सांगितलं. दारव्हा येईस्तोवर कळलं की दिग्रसला दिलेल्या माझ्या आत्याच्या धाकट्या जावेची ही सख्खी बहीण. आत्याच्या लग्नात ती परकर घालून पंगतीत मीठ वाढत होती. वऱ्हाडाची बंडी नाल्यात फसली होती, हे मी नुसतं ऐकलेलं. तिनं ते डोळ्यांनी पाहिलेलं. उतरताना आंबाडीची जुडी माझ्या पिशवीत कोंबली. "आत्याले सांगजो, भेटली होती म्हून."

पुण्यात नोकरीला असलेला माझा पुतण्या याला नसती चौकशी म्हणतो. मला ते पटत नाही. बाबांना नागपूरला भरती केलं तेव्हा शेजारच्या खाटेवरल्या पेशंटचा जावई आर्वीचा निघाला, माझ्या मावसभावाच्या वर्गातला. पुढचे अकरा दिवस आईचा डबा त्याच्या घरून आला. विचारलंच नसतं तर आम्ही एकमेकांकडे पाठ करून बसलो असतो. खेड्यातल्या माणसाला परगावी दुसरा आधार तरी कोणता? म्हणून म्हणतो, विचारावं. आल्या-गेल्याला विचारावं.

काळी माती:
तुम्हाला आंबाडी मिळाली. मला काय मिळतं ते सांगतो. पहिला प्रश्न गावाचा, दुसरा आडनावाचा. आडनावावरून उलगडा झाला नाही की तिसरा येतो, "गावात घर कोन्या बाजूले?" बुद्धविहाराजवळ, असं सांगितलं की बोलणं तिथंच थांबतं. गेल्या उन्हाळ्यात एका आजोबांनी फुटाण्याचा पुडा माझ्यापुढे धरला होता. उत्तर ऐकलं आणि पुडा हळूच मिटून खिशात गेला. वाईट एक शब्द बोलले नाहीत. खिडकीबाहेर बघत बसले.

ओळखी निघण्याशी माझं भांडण नाही. अशोक विजयादशमीला दीक्षाभूमीवर आम्ही दरवर्षी जातो. १४ ऑक्टोबर १९५६ ला माझे आजोबा तिथं होते. एकदा भाकरी वाटून खाताना शेजारची म्हातारी माझ्या आजीच्या माहेरची निघाली, आणि दोघी गळ्यात पडून रडल्या. तिथं भाकरी आधी आली, नातं मागून निघालं. एसटीत आधी चाळणी लागते.

मास्तर, वणीकडचा:
दोघांनीही यात जरा गणित बघावं. आपल्या सोयरिकी शेजारच्या दोन-तीन तालुक्यांत, त्याही एकाच जातीत. मग दिग्रसच्या गाडीत सोयरा भेटला यात नवल कसलं? अमेरिकेत १९६७ मध्ये स्टॅन्ली मिलग्रॅम यांनी यावर प्रयोगच मांडला. बोस्टनमधल्या एका शेअर दलालापर्यंत पाकीट पोचवायचं, पण फक्त आपल्या ओळखीच्या माणसाच्या हाती देत देत. जी पाकिटं पोचली त्यांना मध्ये सरासरी पाचेक माणसं लागली. २०१६ साली फेसबुकने आपल्या दीड अब्जाहून जास्त वापरकर्त्यांचा हिशेब केला, तेव्हा दोन माणसांमधला हा आकडा ३.५७ आला. जग आधीच जोडलेलं आहे. ओळख निघाली म्हणून फार हरखू नये, न निघाली म्हणून तोंडही फिरवू नये.

काळी माती:
मास्तर, त्याच प्रयोगाचा १९६९ चा निबंध बघा. २९६ जणांपासून सुरुवात, पोचली ६४. उरलेली २३२ पाकिटं पोचलीच नाहीत. मी त्या २३२ बद्दल बोलतोय.

पुलगावची लेक:
मुलींचं कोणी बोलतच नाही. अमरावतीला शिकत होते. बसस्टँडवर वर्गातल्या मुलासोबत चहा घेतला, नोट्स परत केल्या. समोरच्या बाकड्यावर आमच्या काकूंचे कोणी पाव्हणे बसले होते. मी त्यांना ओळखत नव्हते, ते मला ओळखत होते. संध्याकाळी घरी पोचले तर माझ्याआधी चहा पोचला होता. दोन महिने कॉलेज बंद. रानआंबाडी दादा, तुमचा डबा आणि माझा चहा एकाच वाटेनं आला.

रानआंबाडी:
ताई, याला माझ्याजवळ उत्तर नाही.

काळी माती, तुमचा मजकूर रात्री दोनदा वाचला. तिसरा प्रश्न मीही विचारलेला आहे, अनेकदा. कशासाठी विचारतोय हे मला ठाऊक नव्हतं, असं मी म्हणणार नाही. ठाऊक होतं. पण मास्तर म्हणतात तसं हरखणंच सोडून द्या, हे काही मला जमायचं नाही. दवाखान्यातले ते अकरा दिवस मी विसरू शकत नाही. विचारणं बंद झालं तर गाडीत सगळे मोबाइलमध्ये मान घालून बसतील, आणि तुमच्या पुढ्यात फुटाणे मग कोणीच धरणार नाही.

काळी माती:
बंद करा असं मी कुठं म्हटलं? वेगळं विचारा. पऱ्हाटी कशी आहे, बोंडअळी किती, वेचणीला बाया किलोमागं काय घेतात. आमची तीन एकर आहे, नाल्याकाठी. दारव्ह्यापर्यंत बोलणं पुरेल.