अनुभव धागा: मंद आचेवरचे हेरपट

माझ्या भाच्याने 'द अमेरिकन्स' या हेरमालिकेचे सहाही सीझन संपवले आणि आता रोज विचारतोय, "मावशी, पुढे काय बघू?" त्याला पाठलाग आणि स्फोट नकोत. एक माणूस शांतपणे फाइल वाचत बसलाय आणि बघणाऱ्याच्या पोटात गोळा आलाय, असे सिनेमे हवेत. नुसती यादी देऊ नका. कधी बघितलात, काय मनात रुतलं, ते लिहा. फितूर कोण निघतो ते मात्र फोडू नका!

सुरुवात मी करते. 'टिंकर टेलर सोल्जर स्पाय' (२०११) मी पहिल्यांदा अर्ध्यावर सोडला होता. ब्रिटिश गुप्तहेर खात्यातला फितूर शोधण्याची गोष्ट, पण नावंच लक्षात राहीनात. दुसऱ्यांदा कागद-पेन्सिल घेऊन बसले, कोण कुणाच्या हाताखाली ते लिहीत गेले, आणि सिनेमा उलगडला. त्यात गाडीत मधमाशी शिरते तो प्रसंग बघा. बाकीचे हात झटकतायत, गॅरी ओल्डमनचा स्मायली स्वस्थ बसलाय. वेळ येताच तो काच खाली करतो, माशी निघून जाते. हा माणूस फितुराला कसा पकडणार, ते मला तिथेच कळलं.

*

ताई, 'टिंकर टेलर' ज्या कादंबरीवर आहे, तिच्यावरचीच बीबीसीची १९७९ची मालिकाही भाच्याला दाखवा. सात भाग, अ‍ॅलेक गिनेस. खोलीत दोन माणसं बोलतायत, बस्स. मी आणि बाबांनी रोज रात्री एक असे सात रात्री बघितले. बाबा एरवी दहाला झोपतात.

*

मी बर्लिनमध्ये राहते, त्यामुळे 'द लाइव्ह्ज ऑफ अदर्स' (२००६) माझ्यासाठी नुसता सिनेमा राहिला नाही. गोष्ट १९८४च्या पूर्व बर्लिनमधली. श्टाझीचा, म्हणजे पूर्व जर्मनीच्या गुप्त पोलिसांचा, अधिकारी माळ्यावर हेडफोन लावून एका नाटककाराचं घर ऐकत बसतो, आणि ऐकता ऐकता बदलतो. सुरुवातीला चौकशीच्या खुर्चीवरचं कापड काढून बरणीत बंद करतात, कुत्र्यांना वास देण्यासाठी. मला वाटलं, दिग्दर्शकाची कल्पना असेल. मग इथल्याच लिश्टेनबर्ग भागात श्टाझीच्या जुन्या मुख्यालयातल्या संग्रहालयात गेले, तर तिथे खरीच तशी बरणी! आपल्या लोणच्याच्या बरणीएवढी, आत पिवळं फडकं. कुणाच्या तरी अंगाचा वास सरकारने जपून ठेवलेला. त्या काचेसमोरून मला हलवेना.

१९८९ मध्ये श्टाझीचे पूर्णवेळ कर्मचारीच सुमारे ९१,००० होते, खबरे वेगळे. १९९२ पासून लोकांना आपापल्या फाइली वाचायला मिळू लागल्या. आमच्या इमारतीतल्या एका आजींनी स्वतःची मागवली होती. खबर देणारं कोण होतं, ते त्यांनी मला सांगितलं नाही. एवढंच म्हणाल्या, "त्यात माझ्या केकची कृतीसुद्धा बरोबर लिहिली होती." म्हणजे स्वयंपाकघरापर्यंत येणारं कुणीतरी.

अधिकाऱ्याचं काम करणारा उलरिश म्यूअ स्वतः पूर्व जर्मनीतलाच. सिनेमाला ऑस्कर मिळालं त्याच वर्षी, २००७ मध्ये, तो गेला. शेवटचं पुस्तकाच्या दुकानातलं दृश्य आठवलं तरी मला रडू येतं.

*

ऐकण्यावरून आठवलं: कोपोलाचा 'द कॉन्व्हर्सेशन' (१९७४). यात सरकारी हेर नाही, पैसे घेऊन दुसऱ्यांचं बोलणं टिपणारा माणूस आहे. जीन हॅकमन. सॅन फ्रान्सिस्कोच्या गजबजलेल्या चौकात एक जोडपं फेऱ्या मारतंय आणि हा त्यांचं बोलणं तीन ठिकाणांहून टिपतो. मी ध्वनिमुद्रणातला आहे, म्हणून सांगतो, टेपवरचा गोंगाट हळूहळू बाजूला सारत एक वाक्य वर काढणं इतकं खरं मी दुसरीकडे बघितलेलं नाही. आणि ते वाक्य! आपलं साधं उदाहरण घ्या, "मी तुला सांगितलं होतं" यात 'मी'वर जोर द्या, मग 'तुला'वर द्या. अर्थ फिरतो ना? पूर्ण सिनेमा तेवढ्यावर उभा आहे. वॉल्टर मर्चचं ध्वनीचं काम आम्ही आजही नव्या मुलांना ऐकवतो.

*

'राझी' (२०१८) कुणीच कसा नाही लिहिला? १९७१, भारतासाठी हेरगिरी करायला पाकिस्तानी लष्करी घराण्यात सून होऊन गेलेली मुलगी. मी आजीबरोबर बघितला. त्या युद्धात मुंबईत ब्लॅकआउट असायचा, आजीने खिडक्यांना काळे कागद चिकटवले होते. सिनेमाभर ती एकच म्हणत होती, "सासरची माणसं किती चांगली आहेत गं." तीच तर त्या सिनेमाची सुरी आहे. सगळे चांगले आहेत आणि तरी तिला ते करायचंय.

*

'अ मोस्ट वाँटेड मॅन' (२०१४). हॅम्बुर्ग, फिलिप सीमोर हॉफमन. शेवटी तो गाडीतून उतरून चालू लागतो, कॅमेरा मात्र रिकाम्या गाडीतच थांबतो. त्या रात्री मी जेवलो नाही.

*

सगळ्यांचे मनापासून आभार. भाच्याला आज 'द कॉन्व्हर्सेशन' लावून दिलाय, हेडफोन घालूनच बघ म्हटलं. आतल्या खोलीत आहे. तासाभरात पाणी प्यायलाही उठलेला नाही.