मदत हवी आहे: बालीची तिकिटं काढून झाल्यावर ज्वालामुखीच्या बातम्या वाचल्या

गोदाकाठची
आई-बाबांच्या लग्नाला जूनमध्ये ४० वर्षं होतायत, म्हणून आम्ही चौघं बालीला निघालोय. स्वस्त पडलं म्हणून मुंबई-सिंगापूर एका कंपनीचं आणि सिंगापूर-देनपसार (बालीचं विमानतळ) दुसऱ्याच कंपनीचं तिकीट काढलं. मध्ये पाच तास. पैसे भरून झाल्यावर मावसभाऊ म्हणतो, "तिकडचा लेवोतोबी सारखा फुटतोय, माहितीये ना?" माहीत नव्हतं. आता रोज रात्री तेच वाचत बसते.

नकाशात बघितलं तर तो डोंगर इंडोनेशियातच, पण फ्लोरेस बेटावर आहे, बालीपासून ८०० किलोमीटरहून लांब. म्हणजे जवळपास नाशिक ते बंगळुरू! तरी २०२४ च्या नोव्हेंबरात आणि २०२५ च्या जून-जुलैत बालीची विमानं रद्द झाली. इतक्या लांबच्या राखेने विमान का थांबतं? वरून किंवा खालून नेता येत नाही का? आणि अडकलोच तर पैशांचं काय? बाबांना इन्सुलिन लागतं, म्हणून जरा जास्तच घाबरलेय.

रात्रपाळी
मी विमानांचे फ्लाइट प्लॅन बनवण्याचं काम करतो, म्हणून लिहितो. किलोमीटर मोजू नका, वारा बघा. २०२५ च्या जुलैत लेवोतोबीची राख १८ किलोमीटर उंच गेली होती. प्रवासी विमानं १०-१२ किलोमीटरवरून जातात, म्हणजे वरून नेण्याचा प्रश्नच मिटला. खालून न्यावं तर इंधन जास्त जळतं, आणि वरची राख खालीच बसत असते. जूनमध्ये तिकडे वारा पूर्वेकडून वाहतो आणि बाली फ्लोरेसच्या पश्चिमेला. बाकी तुम्हीच समजा.

लांबचंच उदाहरण हवं तर २३ नोव्हेंबर २०२५ आठवा. इथिओपियात हायली गुब्बी फुटला आणि दुसऱ्या दिवशी रात्री राख दिल्लीवर, सुमारे चार हजार किलोमीटर. आपल्याकडची विमानंही रद्द झाली. त्या रात्री आमच्याकडे कुणी जेवलं नाही.

राख म्हणजे चुलीतली नव्हे, दगडाची आणि काचेची बारीक पूड. ही काच ११०० अंशांच्या आसपास मऊ होते आणि इंजिनाच्या आतलं तापमान त्याहून बरंच जास्त असतं. तिथे ती वितळते, पुढे टर्बाइनच्या पात्यांवर जाऊन थिजते आणि हवेची वाट बुजवते. विमानातलं रडार पावसाचे थेंब पकडतं, ही कोरडी पूड त्याला दिसत नाही. रात्री तर वैमानिकालाही दिसत नाही.

जुनापाना
२४ जून १९८२. ब्रिटिश एअरवेजचं जम्बो, लंडनहून मुंबई, क्वालालंपूर करत पर्थकडे निघालेलं. जावातल्या गालुंगुंगच्या राखेत शिरलं आणि चारही इंजिनं बंद! खाली येता येता थिजलेली काच तडकून सुटली, इंजिनं पुन्हा चालू झाली आणि विमान जकार्ताला उतरलं. समोरची काच घासली जाऊन आरपार दिसेनासं झालं होतं.

गोदाकाठची
काका, घाबरवताय की धीर देताय?

जुनापाना
धीरच! तेव्हा वैमानिकांना सांगणारं कुणी नव्हतं. आता नऊ केंद्रं राखेवर नजर ठेवून असतात.

रात्रपाळी
बरोबर. इंडोनेशियाचा भाग ऑस्ट्रेलियातल्या डार्विनच्या केंद्राकडे आहे. राख कुठे, किती उंचीवर आणि पुढच्या १८ तासांत कुठे जाईल ते नकाशासकट देतात, सगळ्यांना बघायला खुलं. निघण्याच्या आदल्या दिवसापासून तेच बघा. बातम्यांत 'चौथ्या स्तराचा इशारा' असं येतं, तो डोंगराभोवतीच्या गावांसाठी. विमानांसाठी रंगाचा वेगळा इशारा असतो, त्यात लाल सगळ्यात वरचा. बालीच्या विमानतळावर तर पांढरा कागद उघड्यावर ठेवून राख पडतेय का तेही तपासतात. उपग्रह असूनही कागद लागतोच.

आम्ही राखेचा पट्टा टाळून मार्ग आखतो, सुराबायासारखा पर्यायी विमानतळ धरतो, परत फिरण्याइतकं इंधन ठेवतो. तरी १८ जून २०२५ ला दिल्लीहून निघालेलं बालीचं विमान अर्ध्या वाटेतून परत आलंच.

पासपोर्टवाली
ताई, राखेपेक्षा तुमची दोन वेगळी तिकिटं मला जास्त खटकतायत. सिंगापूर-बाली रद्द झालं तर त्या तिकिटाचे पैसे किंवा पुढची तारीख मिळेल. पण मुंबई-सिंगापूर विमान तर वेळेवर उडणार! ती कंपनी म्हणेल, आमचा काय संबंध? शिवाय सामान घेऊन पुन्हा चेक-इन करायचं तर सिंगापुरात प्रवेश करावा लागतो, म्हणजे व्हिसा आलाच. आम्ही हेच करून सिंगापुरात दोन रात्री स्वखर्चाने काढल्या. जमलं तर थोडं नुकसान सोसून एकाच पीएनआरवर मुंबई-बाली तिकीट करून घ्या.

नुकसानभरपाईची आशा नको. नैसर्गिक आपत्तीत आपल्या डीजीसीएच्या (विमान वाहतुकीवर देखरेख ठेवणारं सरकारी खातं) नियमांतही ती नाही, परतावा किंवा दुसरं विमान एवढंच. विमा आताच घ्या. डोंगर फुटल्यावर घेतलेल्या विम्यात 'आधीच माहीत असलेली घटना' म्हणून हात वर करतात. ज्वालामुखी धरलाय का ते एजंटकडून ईमेलवर लिहून घ्या, फोनवर नको. बालीचा व्हिसा ऑन अरायव्हल ३० दिवसांचा असतो, तेव्हा चार दिवस अडकलात तरी ती काळजी नाही.

इन्सुलिन केबिन बॅगेतच ठेवा, आठवडाभराचं जास्तीचं घ्या, डॉक्टरांची चिठ्ठी इंग्रजीत.

गोदाकाठची
पीएनआरचं डोक्यातच आलं नव्हतं. आत्ता बघितलं, बदलायला माणशी साडेसहा हजार जातायत. नवरा कुरकुरतोय, पण करतेय. परतीचं सकाळचं घेऊ की रात्रीचं?

रात्रपाळी
सकाळचं. रद्द झालंच तर दुसरं शोधायला अख्खा दिवस हातात राहतो. आणि परतल्यावर लगेच दुसऱ्या दिवशी कुणाची ऑफिसची मीटिंग ठेवू नका.